घरी जनावरं आहेत का?

काल, 19 नोव्हेंबरला, औषधं संपून बरोबर सहा महिने झाले. ताप परत आलेला नाही. हा आजार उलटतो तो बहुतेक वेळा याच सहा महिन्यांत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून तोवर काही लिहायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. मला झाला होता तो ब्रुसेलोसिस, जनावरांकडून माणसाला लागणारा जंतूंचा ताप. आजारी असताना मी हा शब्द मराठीत शोधला, तेव्हा हाती लागलं ते सगळं गाईम्हशींविषयी होतं. माणसाला झाला तर त्याचे महिने कसे जातात, कोणत्या दारी जायचं, गोठ्याचं पुढे काय करायचं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. कुणाला तरी उपयोग होईल म्हणून तारखांसकट लिहिते आहे.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. धाकटा भाऊ महू-सिमरोल रस्त्यावरच्या एका गावात शेती करतो आणि नऊ वर्षांपासून त्याचा गोठाही आहे. 2024 च्या दिवाळीत गोठ्यात सहा गाई आणि दोन म्हशी होत्या. वसुबारस 28 ऑक्टोबरला होती. आमच्या घरी गाय-वासराची पूजा भावाच्याच गोठ्यात होते, त्यामुळे मी त्या दिवशी गेले ते भाऊबीज करूनच परतले. वसुबारसेला आम्ही गाईचं दूध-तूप खात नाही. पण दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे गोठ्यात जाऊन पितळी पेलाभर धारोष्ण दूध प्यायचं, ही लहानपणापासूनची चैन. आजोबा म्हणायचे, धारेखालचं दूध म्हणजे ताकद.

30 तारखेच्या रात्री कपिलानं गाभ टाकला. सातवा महिना होता. वासरू मेलेलंच आलं आणि वार अडकली. ऐन दिवाळीत इतक्या रात्री कुणाला बोलवायचं, म्हणून भाऊ आणि दूध काढणारे काका यांनी हातानंच ती ओढून काढली. मी बॅटरी धरून उभी होते. नंतर ते सगळं गोणपाटात भरायला मीही हात लावला. आदल्या दिवशी नारळ खोवताना विळीवर माझं बोट कापलेलं होतं. त्याला चिकटपट्टीसुद्धा लावलेली नव्हती. आम्ही तिघांनी हौदावर नुसत्या पाण्यानं हात धुतले. भावजयीनं गाईला हळद-गूळ घातलेली लापशी दिली. सगळ्यांना कपिलाचंच वाईट वाटत होतं.

21 नोव्हेंबरला मला पहिल्यांदा ताप आला. संध्याकाळी पाचच्या सुमारास अंगात कसकस, मग 101, आणि मध्यरात्री इतका घाम की उठून कपडे बदलावे लागायचे. सकाळी काही नाही. शाळेत जायचे, पुस्तकं द्यायचे-घ्यायचे, आणि घरी येता येता पुन्हा अंग मोडून यायचं. घामाला ओल्या गवतासारखा वास येत होता. हे आमच्या यांनी मला सांगितलं, मी डॉक्टरांना सांगितलं नाही. घामाच्या वासाचं काय सांगायचं, असं वाटलं.

पहिले पाच-सहा दिवस व्हायरल म्हणून गेले. 2 डिसेंबरला विडाल चाचणी झाली, तिच्यावरून टायफॉइड ठरला. दहा दिवस रोज सलाइनमधून अँटिबायोटिक. ताप उतरला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि 26 डिसेंबरला तो पुन्हा हजर. या वेळी सोबत कंबर धरली, उजव्या बाजूला, इतकी की रिक्षातून उतरताना कुणाचा तरी हात लागे. जानेवारीत दुसरे डॉक्टर, मग हाडांचे डॉक्टर. सोनोग्राफीत प्लीहा किंचित मोठी दिसली. एमआरआयला 6,500 रुपये गेले. त्यात कमरेखालच्या, माकडहाडाजवळच्या सांध्याला सूज आहे असं आलं. क्षयाची शंका निघाली, त्याच्या तपासण्या झाल्या, त्या निगेटिव्ह आल्या. वजन सहा किलोनं उतरलं. जानेवारी संपेपर्यंत आमचे 41,000 रुपये खर्च झाले होते आणि आजाराला नाव नव्हतं.

या काळात माझं मन फार खचलं. सकाळी बरी आणि संध्याकाळी आजारी, असा माणूस लोकांना आजारी वाटतच नाही. शाळेत एकदोघी म्हणाल्या, वयाचं असेल, विचार फार करतेस. मलाही तसं वाटायला लागलं होतं. उदासपणा हाही या आजाराचाच भाग असतो, हे पुढे कळलं. आधी कळलं असतं तर स्वतःवर इतका राग धरला नसता.

17 फेब्रुवारीला, सोमवारी, मी चौथ्या डॉक्टरांकडे गेले. तरुण मुलगी होती. तिनं फाइल पाहिली आणि विचारलं, “घरी जनावरं आहेत का?” मी “नाही” म्हटलं. हा प्रश्न मला आधीही दोनदा विचारला गेला होता आणि दोन्हीदा मी हेच उत्तर दिलं होतं. राजेंद्रनगरच्या दुसऱ्या मजल्यावर कुठली जनावरं? पण ही मुलगी तिथं थांबली नाही. “गेल्या सहा महिन्यांत कच्चं दूध प्यायलात? कुणाच्या गोठ्यात गेलात? व्यायलेल्या किंवा गाभ टाकलेल्या जनावराला हात लावलात?” मी एकदम गप्प झाले. मग वसुबारसेपासून सगळं सांगितलं, विळीवरच्या बोटासकट. तिनं पेन खाली ठेवलं आणि घामाला वास येतो का, म्हणून विचारलं.

तुम्हाला लांबलेला ताप असेल आणि माहेरी, सासरी, शेतावर कुठंही गोठा असेल, तर पहिल्याच भेटीत, कुणी विचारायच्या आधी सांगा. कोणतं जनावर, किती दिवसांपूर्वी, दूध कच्चं की तापवलेलं. लागण झाल्यावर ताप बहुतेक दोन ते चार आठवड्यांनी येतो, कधी कधी दोन महिन्यांनीही. तोपर्यंत आपण गोठा विसरून गेलेलो असतो. माझं अंतर बरोबर बावीस दिवसांचं निघालं.

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. ब्रुसेलाची अ‍ॅग्लुटिनेशन चाचणी 1,200 रुपयांची. शिवाय रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघणं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लाल शाईनं ‘ब्रुसेलाची शंका’ असं लिहिलं आणि प्रयोगशाळेत तोंडीही सांगायला लावलं. त्याची दोन कारणं. हा जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून बाटली नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवावी लागते. आणि तो वाढला तर हवेतून प्रयोगशाळेतल्या माणसांनाच लागू शकतो, त्यामुळे त्यांना आधी माहीत असणं भाग आहे. माझी चिठ्ठी घेणाऱ्या मुलानं ती वाचून आतल्या बाईंना हाक मारली आणि त्यांनी नळीवर वेगळी चिकटपट्टी लावली.

22 तारखेला रिपोर्ट आला: 1:640, म्हणजे रक्ताचा नमुना 640 पट पातळ केला तरी चाचणी लागत होती. आपल्याकडे 1:160 किंवा त्याहून जास्त आणि सोबत लक्षणं असली की आजार धरतात. कल्चर मात्र 11 मार्चपर्यंत ठेवूनही काही वाढलं नाही. डिसेंबरातल्या अँटिबायोटिकमुळे तसं झालं असावं, असं डॉक्टर म्हणाल्या. मी दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून रडले. भीती वाटली म्हणून नाही. तीन महिने ज्याला नाव नव्हतं, त्याला नाव मिळालं म्हणून.

24 फेब्रुवारीला औषधं सुरू झाली. साध्या आजारात डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन अशी दोन औषधं सहा आठवडे देतात. माझ्या सांध्यात जंतू शिरलेला होता म्हणून बारा आठवडे, आणि सुरुवातीला सात दिवस जेंटामायसिनची इंजेक्शनं. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी झाली, नंतर दर महिन्याला यकृताची. दोन्ही गोळ्यांचा महिन्याचा खर्च साधारण सातशे रुपये. एमआरआयपुढे काहीच नाही.

रिफाम्पिसिन सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या तासभर आधी. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली. मला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. डोळ्यांतलं पाणीही तसंच रंगतं, म्हणून लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा लावावा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावं, या औषधानं त्यांचा परिणाम कमी होतो. डॉक्सिसायक्लिन दोन वेळा, भरपूर पाण्याबरोबर, बसून, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जळजळते. एकदा रात्री अर्धवट झोपेत घेतली तेव्हा तो अनुभव आला. दूध, दही आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवायचं. उन्हानं त्वचा भाजते. एप्रिल-मेच्या माळव्याच्या उन्हात मी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले आणि छत्रीशिवाय बाहेर पडले नाही.

दवा बाजारातल्या दुकानदारानं रिफाम्पिसिनची चिठ्ठी पाहून वहीत माझं नाव, पत्ता आणि डॉक्टरांचं नाव उतरवून घेतलं. हे क्षयाचं औषध असल्यामुळे त्याला तशी नोंद ठेवावीच लागते. चिठ्ठीची एक प्रत कायम जवळ ठेवली तर प्रत्येक वेळी समजावत बसावं लागत नाही. शेजारी बातमी पसरली की मला टीबी झाला. मी दोघीतिघींना सरळ सांगून टाकलं की हा गोठ्यातून आलेला ताप आहे आणि माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. एकीनं विचारलं, “मग आम्ही पितो ते दूध?” तापवून पिता ना, मग काही नाही, असं म्हटलं. आपल्या घरांत दूध आलं की आधी गॅसवर चढतं, ही किती मोठी गोष्ट आहे हे मला तेव्हा कळलं.

दहाव्या दिवशी ताप गेला. कंबर मात्र एप्रिलपर्यंत दुखली.

आता गोठ्याचं. माझ्या आजारापेक्षा हा भाग अवघड गेला.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की जे जे त्या रात्री तिथं होते आणि जे कच्चं दूध पितात, त्या सगळ्यांची तपासणी करा आणि गोठाही तपासून घ्या. माझ्या हातात त्यांनी पशुवैद्यकांच्या नावे एक पत्र दिलं. 1 मार्चला ते घेऊन मी भावाकडे गेले. तो आधी हसला, मग चिडला. “ताई, कपिला ठणठणीत आहे. खाते, पिते. तुला शहरातल्या पाण्यानं काही झालं असेल आणि नाव माझ्या गोठ्याचं!” त्याचंही खरं होतं. हा आजार झालेली गाय आजारी दिसत नाही. ती गाभ टाकते, वार अडकते, कधी गुडघ्यावर पाण्याची गाठ येते, एवढंच. आणि भावाची चौदा रतीबाची घरं होती. बातमी फुटली तर ती जाणार. आम्ही दोन दिवस एकमेकांशी नीट बोललो नाही.

त्याच आठवड्यात मी एका कार्यालयात पत्र घेऊन गेले. तिथं सांगितलं की जनावरांचा विषय आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, माणसाचा रिपोर्ट आम्ही काय करणार, गाईचा आणा. दोन सुट्ट्या त्यात गेल्या. तिथून निघताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं: जंतू एकच, तो गाईतून माझ्यात सहज आला, आणि कागद मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नव्हता. असं तुमच्या वाट्याला आलं तर खात्याच्या नादी न लागता सरळ जनावराचा मालक, त्याचं आधार कार्ड आणि जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर घेऊन जवळच्या पशुचिकित्सालयात जा. किंवा 1962 वर फोन करा, फिरत्या पथकाची गाडी दारात येते. आम्हीही दिवाळीत तो फोन करू शकलो असतो.

भावाला शेवटी माझ्या बोलण्यानं नाही, काकांमुळे पटलं. काका त्याच्याकडे पाच वर्षं दूध काढतात. आणखी चार गोठ्यांतही जातात. वर्षभर त्यांचे गुडघे आणि कंबर धरलेली होती, अधूनमधून ताप यायचा. विचारलं की म्हणायचे, “बाईजी, वात है.” महुआचं तेल चोळायचे आणि पहाटे चारला पुन्हा कामाला. 3 मार्चला मी ओसरीवर माझी लक्षणं भावजयीला सांगत होते. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम. काका धारा काढून बादली ठेवायला आले आणि तिथंच उभे राहिले. म्हणाले, हे तर माझंच आहे. भाऊ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःच पशुचिकित्सालयात फोन लावला.

पशुवैद्यक 10 मार्चला आले. आठांपैकी तीन जनावरांना बिल्ले नव्हते, ते आधी टोचले गेले: पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. त्या नंबराशिवाय नमुन्याचा फॉर्म भरता येत नाही. मग प्रत्येकीच्या मानेच्या शिरेतून रक्त, लाल बुचाच्या नळ्या, बर्फाचा डबा. पण त्याआधी तासभर त्यांनी नुसते प्रश्न विचारले आणि वहीत लिहिलं. कोणत्या गाईनं कधी गाभ टाकला, कितव्या महिन्यात, वार कुठं टाकली, कुत्र्यांनी ओढली का, बैल कुणाचा, कोणतं जनावर कुठून आणि कधी विकत घेतलं. भावाला तारखा आठवत नव्हत्या, सण आठवत होते. अक्षय्यतृतीयेनंतर बाजारातून एक संकरित गाय आणली. तिनं राखीच्या सुमारास आठव्या महिन्यात गाभ टाकला. तो उकिरड्यावर पुरला, वरवर. तिच्या शेजारी दावणीला कपिला. कपिलाचं दिवाळीत. डॉक्टरांनी पेनानं एक बाण काढला. बाजारातून आणलेली गाय, उकिरडा, कपिला, मी. माझ्या तापाची वाट मे महिन्यापासून सुरू होत होती.

गाभ टाकलेल्या गाईच्या वारेत आणि पाण्यात हे जंतू अगणित असतात. दुसरी गाय ते चाटते, तिथलं गवत खाते, आणि तिला लागण होते. दुधातूनही ते महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं उतरत राहतात.

डबा बंद करता करता त्यांनी माल्टा बेटाची गोष्ट सांगितली. तिथल्या इंग्रज सैनिकांना असाच चढ-उताराचा ताप यायचा. 1887 मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळेना. 1905 मध्ये थेमिस्टोक्लिस झामित या तिथल्याच डॉक्टरांना तो शेळ्यांच्या रक्तात सापडला. शेळ्या दिसायला निरोगी होत्या आणि त्यांचं दूध दारोदार काढून दिलं जात होतं. पुढच्या वर्षी सैनिकांच्या जेवणातून ते दूध बंद केलं आणि ताप झपाट्यानं कमी झाला. भाऊ मान खाली घालून ऐकत होता. “म्हणजे तेव्हाही शेळ्या ठणठणीतच होत्या,” एवढंच म्हणाला.

नमुने महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले. पहिली चाचणी रोझ बेंगालची: रक्तातल्या निवळ पाण्याचा थेंब आणि गुलाबी द्रावणाचा थेंब एकत्र हलवायचा, चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर शंका पक्की. मग एलायझा ही खात्रीची दुसरी चाचणी. निकाल 24 मार्चला आला. आठांत तीन: बाजारची गाय, कपिला आणि एक म्हैस.

माणसांच्या तपासण्या 27 तारखेला झाल्या. भावजय आणि भाचा निगेटिव्ह, दोघंही दूध तापवल्याशिवाय पीत नाहीत. भाऊ 1:320, त्याला फक्त पाठदुखी आणि थकवा होता, जो तो शेतीच्या नावावर घालत आला होता. काका 1:640. काकांना आणखी एक त्रास होता, तो त्यांनी आम्ही बाहेर गेल्यावर डॉक्टरांना सांगितला. पुरुषांमध्ये या आजारानं अंडकोषाला सूज येऊ शकते. कितीजण लाजेपोटी ते बोलत नसतील, देव जाणे. दोघांना सहा आठवड्यांची औषधं. काकांची डॉक्सिसायक्लिन सरकारी दवाखान्यातून मिळाली, रिफाम्पिसिन भावानं घेऊन दिली आणि सहा आठवड्यांचा पगारही कापला नाही. जूनमध्ये काका मांडी घालून जेवायला बसले. वर्षभरात पहिल्यांदा.

जनावरांना मात्र औषध नाही. म्हणजे उपचार करून जंतू पूर्ण जाईल याची खात्री नसते, म्हणून करत नाहीत. आमच्याकडे गाय मारण्याचा प्रश्नच येत नाही, कायद्यानंही आणि मनानंही. मग राहतं वेगळं बांधणं. एक व्यापारी तिन्ही जनावरं रोख घेऊन जायला तयार होता. पैसे बरे देत होता, आणि भावाला त्या दिवसांत पैशांची गरज होती. “अशीच एक गाय बाजारातून तुझ्याकडे आली होती,” असं भावजय म्हणाली आणि तो विषय संपला. शेताच्या टोकाला विहिरीजवळ त्यांनी वेगळा मांडव घातला. वेगळी बादली, वेगळा पाण्याचा हौद, आणि काम शेवटी तिथलं, मग घरी. या तिघींचं दिवसाचं वीस-बावीस लिटर दूध विकायचं थांबलं. आमच्या ओळखीत कुणी या नुकसानीबद्दल बोलत नाही, पण लोक आजार लपवतात तो यामुळेच. रतीबाच्या चौदाही घरी भाऊ स्वतः जाऊन आला, काय झालं ते सांगितलं, दूध उकळून घ्या म्हणाला. तीन घरांनी दूध बंद केलं. अकरा राहिली.

गोठ्यात शेण-माती खरवडून काढली, ब्लीचिंग पावडर आणि चुना मारला. आता कोणतीही गाय विणार असली की खांद्यापर्यंतचे प्लास्टिकचे हातमोजे, गमबूट, तोंडाला फडकं. गाभ टाकला किंवा वार पडली तर चार फूट खड्डा, चुना, वर दगड, कुत्री येणार नाहीत असं. भावजयीनं पशुवैद्यकांना विचारलं, “आणि खरवसाचं काय?” ते म्हणाले, नीट वाफवलेल्या खरवसाला भीती नाही, पण चीक काढताना मोजे घाला आणि कच्चा चाखू नका.

एप्रिलच्या 9 तारखेला दोन कालवडींना लस दिली. एक पाच महिन्यांची, दुसरी सात. ही लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. लाळ-खुरकत आणि ब्रुसेलासाठी 2019 पासून जो राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्यात ती फुकट मिळते. वय उलटून गेलं की वेळ गेली, म्हणून वासराची जन्मतारीख भिंतीवर लिहून ठेवा, आम्ही खडूनं लिहितो. लस जिवंत जंतूंची असते. देणाऱ्या डॉक्टरांनी चष्मा आणि मोजे घातले होते. सुई स्वतःला टोचली तर मलाही तुमच्याच गोळ्या, असं मला म्हणाले.

उरलेल्या पाच जनावरांची पुन्हा तपासणी मे महिन्याच्या शेवटी झाली आणि त्यात आणखी एक गाय पॉझिटिव्ह निघाली. तो दिवस फार वाईट होता. माझी औषधं 19 मेला संपली होती, घरात पेढे आणायचं ठरलं होतं, ते राहून गेलं. विहिरीजवळच्या मांडवात चौथी दावण बांधली. ऑगस्टमध्ये गोठ्यात उरलेली चारही निगेटिव्ह, आणि आता या महिन्यातही. नवीन जनावर रक्ततपासणी झाल्याशिवाय आणायचं नाही आणि आणल्यावरही महिनाभर वेगळं ठेवायचं, असं भावानं ठरवलं आहे. माझ्या रक्तातला आकडा अजून 1:80 आहे. तो सावकाश उतरतो, आकड्यापेक्षा लक्षणं बघायची, असं डॉक्टर म्हणतात.

यंदाची वसुबारस 17 ऑक्टोबरला झाली. लस घेतलेल्या एका कालवडीला आणि तिच्या आईला ओवाळलं. मग मी एकटीच विहिरीजवळ गेले आणि कपिलाला लांबूनच घास टाकला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खाऊ लागली. तिच्यावर माझा कधीच राग नव्हता. गोठ्याच्या दारातच भावजयीनं आता एक शेगडी मांडली आहे. बादली आली की दूध आधी त्या पातेल्यात जातं.

काकांच्या बाकी चार गोठ्यांपैकी एका मालकानं जूनमध्ये जनावरं तपासून घेतली, सगळी निगेटिव्ह. दुसऱ्याकडे दसऱ्यानंतर म्हशीनं गाभ टाकला, तेव्हा त्यानं हात लावायच्या आधी काकांना विचारलं आणि 1962 ला फोन केला. उरलेले दोघं अजून ऐकून घेत नाहीत. काका म्हणाले, रविवारी सकाळच्या धारा झाल्या की तुम्ही तुमची फाइल घेऊन या, दोघं मिळून जाऊ.